पावाच्या गाडीतलं घर

३ जानेवारी
गाडी आली. मेहुणा स्वतः घेऊन आला. त्याची बेकरी आहे. या गाडीतून आठ वर्षं पाव गावभर जात होते. आता त्याने नवी घेतली, जुनी मला दिली. लांब, उंच, पांढरी, आतून रिकामी. मागची दारं उघडली की खमिराचा वास येतो. मला तो मोकळेपणाचा वाटला. हिने रुमाल नाकाला लावला.

बेत साधा आहे. गाडीचं घर करायचं. फ्लॅट कन्येकडे सोपवायचा. आम्ही दोघांनी निघायचं. आवडेल तिथे थांबायचं, कंटाळा आला की पुढे. कन्येला समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही दोघं रस्त्यावर येणार. नोकरी लागल्यापासून तिची भाषा बिघडली आहे.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठं काम हाती घेणाऱ्याने स्वतःशी तरी खरं बोलावं.

४ जानेवारी
या कामाला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. मॉड्युलर किचनच्या कंपनीत उमेदीची सगळी वर्षं गेली. लोकांची स्वयंपाकघरं मी कागदावर मंजूर केली. मग ऐच्छिक निवृत्ती घेतली. इच्छा माझी आणि कंपनीची, दोघांची एकदमच झाली.

ड्रिल कधी हातात धरलं नाही, हे खरं. पण ड्रिल धरणाऱ्यांना सूचना दिल्या. अवघड भाग तोच असतो.

६ जानेवारी
हिची रक्ततपासणीची लॅब दुसऱ्या शहरात शाखा काढते आहे. तिथे इन्चार्ज म्हणून हिला बोलावलंय. राहायला फ्लॅट देणार आहेत. हे हिने भाजी निवडता निवडता सांगितलं. भाजी फार महत्त्वाची असावी, कारण मान वर केली नाही. मार्चअखेर उत्तर द्यायचं आहे.

मी म्हणालो, पण आपण तर निघणार आहोत. ही म्हणाली, तुम्ही निघणार आहात, मला अजून कुणी विचारलेलं नाही. मी लगेच विचारलं. ही म्हणाली, असं करू. मार्चमध्ये गाडी तयार ठेवा, मी चार दिवस तिच्यात राहून बघते. धड राहता आलं तर लॅबला नाही म्हणून कळवते. नाही आलं तर मी लॅबला जाते, मग तुमचं काय ते तुम्ही बघा.

म्हणजे हो म्हणाली.

७ जानेवारी
हिला विचारलं, गाडीत तुला काय काय हवं. कागद घेऊन बसलो होतो. ही म्हणाली, एक खुर्ची. खिडकीशी. सकाळी चहा घेत बसता येईल अशी. बाकी तुम्ही ठरवा.

एवढंच. बायकांना उगाच हट्टी म्हणतात.

१० जानेवारी
नकाशा पूर्ण. पलंग, ओटा, सिंक, फ्रिज, कपाटं, पाण्याची टाकी, माझी पुस्तकं, माझं टेबल. सगळं बसलं. खुर्ची तेवढी राहिली. टेबल काढलं तर बसते. पण मग रोजनिशी कुठे लिहिणार? खुर्चीच्या जागी स्टूल दाखवलं. वरून पाहिलं तर दोन्ही चौकोनच दिसतात.

१३ जानेवारी
इमारतीचे सेक्रेटरी येऊन गेले. गाडी रेषेच्या वीतभर बाहेर येते, म्हणाले. आमची पार्किंगची जागा फाटकाजवळच्या उतारावर आहे. इमारतीत ती कुणालाच नको होती, म्हणून आमच्या वाट्याला आली. मी गाडी मुद्दाम तोंड वर, फाटकाकडे करून लावली आहे. मनात आलं की निघता यावं. मागच्या चाकांना विटा लावल्या आहेत.

सेक्रेटरींनी विचारलं, निघणार कधी? म्हणालो, मार्चमध्ये. म्हणाले, देव करो.

चांगला माणूस. एरवी आजकाल शुभेच्छा कोण देतं.

१८ जानेवारी
ड्रिल, करवत, स्क्रू, हातमोजे, भुशापासून वाचवणारा चष्मा, गुडघ्यांचे पट्टे आणले. सगळं घालून आरशात पाहिलं. उद्यापासून सुरुवात.

१९ जानेवारी
पाठीत उसण. चष्म्याची पेटी उचलताना.

२५ जानेवारी
पाठ बरी. पण गाडीत मुंग्या. आठ वर्षांचा चुरा फटीफटीत बसला आहे. मुंग्या त्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मेहुण्याला फोन केला. म्हणाला, भाऊजी, त्या जुन्या भाडेकरू आहेत, सांभाळून घ्या.

स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याशी बोलण्याची ही रीत.

२८ जानेवारी
आज खरं काम. कंपनीत नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी एक नियम सांगायचो. घराच्या फरशीवर विश्वास ठेवायचा नाही. बांधणाऱ्याने ती वाकडीच केलेली असते. ओट्यावर स्पिरिट लेव्हल ठेवायची. नळीतला बुडबुडा मधोमध आला की ओटा सरळ. मग फरशी काहीही म्हणो. या नियमावर चालल्यामुळे माझं एकही किचन कधी परत आलं नाही.

लेव्हल ठेवली आणि थक्क झालो. मेहुण्याच्या गाडीची फरशी भयंकर वाकडी. मागच्या बाजूला ओट्याखाली चार बोटं फळी भरावी लागली, तेव्हा कुठे बुडबुडा मध्यावर आला. लगेच फोन केला. तो म्हणाला, काय सांगता भाऊजी, त्या फरशीवर आठ वर्षं पाव नेले, एक घरंगळला नाही.

म्हणालो, पाव चौकोनी असतात.

त्याने फोन ठेवला.

२ फेब्रुवारी
ओटा बसला. मंडळींना बघायला बोलावलं. कन्येने ओट्यावर संत्रं ठेवलं. जागचं हललं नाही. असं काम बघायला मिळत नाही, म्हणालो. ती म्हणाली, पण बाबा, ओटा मागे जाडा आणि पुढे बारीक का? म्हणालो, फरशी. ती म्हणाली, फरशी का? म्हणालो, मामाला विचार.

५ फेब्रुवारी
खिडकी कापली. सुरेख कापली. नंतर कपाट उभं केलं तेव्हा खिडकी कपाटाच्या आत गेली. कपडे हवेशीर राहतील. हा विचार अजून कुणाला कसा सुचला नाही.

६ फेब्रुवारी
हिने विचारलं, म्हणजे खुर्ची आता कपाटात ठेवायची का?

थकली आहे. लॅबमध्ये काम फार. मोकळी हवा मिळाली की बोलणं निवळेल.

९ फेब्रुवारी
दुसरी खिडकी कापली. छोटी आहे, पण ती खिडकीच आहे. तिच्याखाली स्टुलाची जागा होती, तिथे पाण्याची टाकी येते. टाकीवर उशी ठेवली की झालं. हिला सांगितलं, खुर्ची आणि टाकी एकच केली. ही म्हणाली, वा.

कौतुक मोजकं करते, पण करते.

१४ फेब्रुवारी
पलंग. लांबीत टाकला. डोकी पुढे, ड्रायव्हरच्या सीटमागे. पाय मागच्या दाराकडे. फरशीच्या वाकडेपणामुळे पलंगाचे मागचे पाय पुढच्यापेक्षा बरेच उंच करावे लागले. बुडबुडा एक केसभर इकडेतिकडे नाही. ही येऊन आडवी झाली. डोळे मिटले. म्हणाली, सरळ वाटतोय खरं.

आजचा दिवस लक्षात ठेवायचा.

१९ फेब्रुवारी
हिला नव्या शहरातून फोन. तिथल्या फ्लॅटला बाल्कनी आहे म्हणे. पहिला मजला. दोघांना पुरेल, असं हिने मला दोनदा सांगितलं. मी त्या वेळी सिंकखाली होतो. म्हणालो, बाल्कनी म्हणजे जन्मभर एकच देखावा. गाडीत देखावा रोज बदलतो. ही म्हणाली, तुम्ही आधी सिंकखालून बाहेर या, मग बोलू.

बाहेर यायला वेळ लागला. खांदा अडकला होता. तोवर ही झोपली.

२३ फेब्रुवारी
टाकीचं झाकण उघडल्याशिवाय पाणी भरता येत नाही. उशीवर बसलेल्या माणसाला दर वेळी उठवावं लागेल. उशी रद्द. खिडकीशी भिंतीला एक हँडल बसवलं. ते धरून उभं राहून बाहेर बघता येतं. चहा दुसऱ्या हातात.

सकाळी उभं राहणं पाठीला चांगलं असतं.

२४ फेब्रुवारी
हिला हँडल दाखवलं. हिने ते धरून पाहिलं. जरा हलवून पाहिलं. मग म्हणाली, बसमध्ये असतं तसं आहे.

मजबूत आहे का, हे तिला म्हणायचं असावं. हो म्हणालो.

३ मार्च
सेक्रेटरी पुन्हा. ड्रिलचा आवाज, लाकडाचा भुसा, मुंग्या तळमजल्यापर्यंत आल्याची तक्रार. म्हणाले, मार्च लागला. म्हणालो, लागला. म्हणाले, मी नुसती आठवण करून दिली.

उत्सुकता समजू शकतो.

९ मार्च
फ्रिज बसला. कपाटांना सरकती दारं लावली. बोटाने ढकललं की जिथे सोडावं तिथेच थांबतात. सिंकचं पाणी ओतल्याबरोबर निघून जातं. जाळी मागच्या कोपऱ्यात घेतली आहे. नाही म्हणायला तिकडे जरासा उतार दिला. बाकी सगळं आरपार सरळ.

मेहुणा बघून गेला. सगळीकडे हात फिरवला. म्हणाला, भाऊजी, एक विचारू, ही चालते का अजून? म्हणालो, काय? म्हणाला, गाडी.

माणसं कौतुक करायला अडखळतात. विषय बदलतात.

१५ मार्च
गाडी सुरू होत नव्हती. मेहुण्याने मेकॅनिक पाठवला. आता होते.

१९ मार्च
उद्या निघायचं. चार दिवस. तळ्याकाठी गाड्या थांबवायला मैदान आहे, तिथे मुक्काम. हिने चार दिवसांची रजा काढली. साहेबांनी तिला विचारलं म्हणे, उत्तर कधी देताय. ही म्हणाली, आल्यावर. मी म्हणालो, त्यांना उगाच ताटकळत ठेवतेस, आजच नाही म्हणून टाकायचंस. ही म्हणाली, आल्यावर.

हिचा हा स्वभाव. काम पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही.

२० मार्च
निघालो. विटा काढल्या. सेक्रेटरी फाटक उघडायला स्वतः आले. उतार चढून रस्त्याला लागलो, गाडी सपाट झाली, आणि मागे काहीतरी मोठ्याने सरकलं. कपाटांची सगळी दारं एकदम उघडली होती. मग भांडी आली. मग पुस्तकं. हिने मागे वळून पाहिलं. म्हणालो, घर म्हटलं की आवाज असणारच.

तळ्याकाठी पोहोचलो. मैदान छान, टेबलासारखं सपाट. शेजारी आणखी एक गाडी. एक म्हातारा आणि म्हातारी तिच्यासमोर दोन खुर्च्या टाकून बसलेले. त्यांची गाडी अगदीच साधी. आत गादी, बाहेर खुर्च्या, संपलं. डिझाइनचा पत्ता नाही.

चहा केला. कप ओट्यावर ठेवला. कप चालत पुढे गेला. सिंकमध्ये पाणी जाळीच्या विरुद्ध कोपऱ्यात साठलं आणि तिथून माझ्या सीटवर आलं. लांबच्या प्रवासाने सगळंच थोडं सैलावतं.

ही शेजाऱ्यांकडे गेली. म्हातारी तिला म्हणाली, बैस गं, उभी का? म्हाताऱ्याने उठून आपली खुर्ची दिली. अंधार पडेपर्यंत तिथेच बसली होती. हसण्याचा आवाज येत होता. मी सीट पुसली.

२१ मार्च, सकाळी
झोप अशी नाही. पाय वर, डोकं खाली. आम्ही दोघंही सरकत सरकत ड्रायव्हरच्या सीटला जाऊन टेकायचो, मग पुन्हा मागे रांगत जायचो. ही म्हणाली, रक्त सगळं डोक्यात उतरलंय. बाटली आणली असती तर सॅम्पल काढून ठेवलं असतं.

उजाडल्यावर लेव्हल काढली. पलंगावर ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन बसला. फरशीवर ठेवली. मधोमध.

लेव्हल बिघडली असावी.

२१ मार्च, दुपारी
लेव्हल ठीक आहे.

कारण लक्षात आलं. हिला हळूहळू सांगायचं ठरवलं, पण ही चहा गाळत असतानाच म्हणाली, अहो, तुम्ही उतारावर उभ्या असलेल्या गाडीत सगळं सरळ केलंत ना, मग सपाटीवर ते वाकडंच होणार. म्हणालो, तुला कधी कळलं? म्हणाली, काल, फाटकाबाहेर, भांडी आली तेव्हा. म्हणालो, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही गाडी चालवत होतात.

विचार केला तर तत्त्वात चूक नाही. नियम माझा बरोबर आहे. किचन जागेवर सरळ होतं, अजूनही त्या जागेवर सरळ आहे. घर जागेवरून हलतं, हा मुद्दा कंपनीत कधी आला नव्हता.

मेहुण्याच्या फरशीबद्दल थोडं घाईने बोललो. फोन करायला हवा. गाडी घरी नेल्यावर करेन.

२१ मार्च, संध्याकाळी
उपाय सोपा निघाला. गाडी बदलायची गरज नाही, जमीन बदलायची. आमच्या उताराइतका उतार, गाडीचं तोंड वर. जग उतारांनी भरलेलं आहे. हिला म्हणालो, सपाट जागेचं लोकांनी उगाच स्तोम माजवलंय.

शेजारची म्हातारी निरोप द्यायला आली. हिला म्हणाली, खुर्ची घेऊन जा बाई, आमच्याकडे जास्तीची आहे. मी नको म्हणालो. ठेवणार कुठे?

२२ मार्च
उतार शोधत दिवस गेला. पहिला सापडला तो दवाखान्याचा, अँब्युलन्स वर जाण्याचा. उतार नेमका. ओट्यावर कप ठेवला, हलला नाही. पंधरा मिनिटं आम्ही अतिशय सुखात होतो. मग गार्ड आला, पेशंट कुठाय म्हणाला. ही म्हणाली, हे काय, स्टिअरिंगवर.

दुसरा पुलाच्या तोंडाशी. मागून ट्रक हॉर्न देत होते. तिसरा एका शाळेजवळ, पण जास्त चढ. तिथे पलंग उलट्या बाजूला कलला आणि ही मागच्या दाराला लागली. मी खिडकीतून लेव्हल बाहेर धरून रस्ते तपासत होतो. ही गाडी चालवत होती. चांगली चालवते. मला माहीत नव्हतं. म्हणालो, कधी शिकलीस? म्हणाली, लग्नाआधी. बेकरीची.

असा एकच उतार आहे, हे तिसऱ्या प्रहरी कबूल करावं लागलं. हिने गाडी घराकडे वळवली.

२३ मार्च
आमच्या जागेवर. तोंड वर, चाकांना विटा. बुडबुडा मधोमध. दारं गप्प. पाणी जाळीतून जातं. झोप उत्तम. चार दिवस गाडीत राहायचं ठरलं होतं. गाडी कुठे उभी असावी, हे ठरलेलं नव्हतं. तेव्हा ट्रायल चालू आहे.

सकाळी ही हँडल धरून खिडकीशी उभी होती. समोर सेक्रेटरींची स्कूटर. सेक्रेटरी आले, काचेवर टकटक केली. म्हणाले, वहिनी, सगळं ठीक ना? तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. ही म्हणाली, हो, माहितीये. आम्ही बाहेरगावी आलोय.

कन्येने वरून दोरीने डबा सोडला. हिला खाली ओरडून म्हणाली, आई, किती वेळ अजून? ही म्हणाली, संध्याकाळपर्यंत. कबूल केलंय.

हिने शब्द पाळला. संध्याकाळ झाल्यावर उठली, चपला घातल्या. म्हणाली, झाले चार दिवस. म्हणालो, कसं वाटलं? म्हणाली, चला, वर जाऊन अंघोळ करते.

वाईट म्हणाली नाही.

२७ मार्च
हिने लॅबला उत्तर कळवलं. काय कळवलं, ते विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

२९ मार्च
ही सामान बांधते आहे. इतका उत्साह मी अपेक्षिला नव्हता. पण तारतम्य नाही. शिवणाचं मशीन, गाद्या, मोठी पातेली. म्हणालो, अगं, गाडीत एवढं मावत नाही, मी नकाशा काढलाय. ही म्हणाली, मावेल.

३० मार्च
हिने मला समोर बसवलं आणि सांगितलं. लॅबला हो कळवलं आहे. एक तारखेला जायचं. मी म्हणालो, पण ट्रायल यशस्वी झाली होती. ही म्हणाली, अहो, आपण शेवटचा दिवस आपल्याच पार्किंगमध्ये काढला.

मग म्हणाली, तुम्हीही चला. फ्लॅट दोघांना पुरेल. मी पहिल्यापासून सांगतेय. भांडताना जसा लागतो तसा आवाज नव्हता. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. मी म्हणालो, विचार करतो. म्हणाली, करा. पण आधी गाडी रिकामी करा, सामान न्यायचंय. दादाच्या गाड्या पावात अडकल्यात.

माझ्या गाडीला पहिलं गंभीर काम मिळालं, असं याकडे पाहता येतं.

३१ मार्च
ओटा, पलंग, कपाटं काढली. वाटलं होतं, आठवडा लागेल. दुपारच्या जेवणाआधी झालं. स्क्रू सहज निघाले, काही तर हाताने. सगळं फाटकाजवळ रचलं. सेक्रेटरी म्हणाले, हे कोण नेणार? मग पलंगाचा एक पाय उचलून दुसऱ्याशेजारी धरून पाहिला. म्हणाले, तिरक्या घरात राहणारं कुणी असेल तर विचारतो.

रिकामी गाडी मोठी दिसते. खमिराचा वास परत आला.

हिने स्वतःच्या बॅगा भरल्या. माझी बॅग रिकामी, झाकण उघडं, पलंगावर ठेवून दिली. मी तिच्यात लेव्हल ठेवली. मग काढली. कपडे नंतर बघू.

१ एप्रिल
पोहोचलो. सपाट रस्ता, सगळं सामान जागच्या जागी. पातेलं हललं नाही. चार लोकांत मिरवावा असा प्रवास. हिनेच चालवली.

फ्लॅट बरा आहे. दोन खोल्या. कपाटात हिने अर्धी बाजू मोकळी सोडली. मी म्हणालो, अजून ठरलेलं नाही. ही म्हणाली, माहितीये. मोकळी असू दे.

मी वस्तू वर नेल्या. शेवटच्या खेपेनंतर ही म्हणाली, आज तरी राहा. थकलो होतो, राहिलो. याला निर्णय म्हणत नाहीत.

२ एप्रिल
सकाळी लवकर उठून दूध आणायला गेलो. येताना फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. आत लावलेली गाडी कुणाची? म्हणालो, माझी. म्हणाला, राहणारे की पाहुणे? राहणाऱ्यांना आत जागा आहे, पाहुण्यांनी बाहेर लावायची, आणि संध्याकाळी न्यायची. मी म्हणालो, म्हणजे कसं आहे की. तो म्हणाला, साहेब, दोनच प्रकार आहेत.

वर पाहिलं. ही बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. हातातलं फडकं तसंच धरून थांबली होती. खाली पाहत नव्हती, पण थांबली होती. पहिला मजला आहे, शब्दन्‌शब्द ऐकू जातो.

अशा प्रश्नाला फाटकावर उभं राहून उत्तर देता येत नाही. नवीन शहर, नवीन जागा, गाडीचा नवा नकाशा डोक्यात. माणसाने सगळ्या बाजूंनी विचार करावा. शिवाय दूध तापवायचं होतं. तूर्त पाहुणा म्हणालो. बदलता येतं.

वॉचमन म्हणाला, मग काढा बाहेर.

गाडी बाहेर लावून आलो तेव्हा वर बाल्कनीचं दार लागल्याचा आवाज झाला. वारा असावा. दोरीवरचे कपडे मात्र हलत नव्हते.